एमपी-४० चं पथ्यपाणी: जुनी जर्मन सबमशीन गन चालवायला शिकणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षभरात टेक्सासमधल्या तीन-चार मराठी मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला: "ती सिनेमातली जर्मन बंदूक तू चालवतोस ना, तिला गोळ्या कुठल्या लागतात?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगून झालं. आता एकदाच नीट लिहून काढतो.

बंदूक आहे एमपी-४०, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सबमशीन गन, म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या एकामागून एक आपोआप झाडणारी. मूळ १९३८ चं एमपी-३८ हे मॉडेल थोडं स्वस्तात आणि पत्र्याचे दाबीव भाग वापरून बनवता यावं म्हणून १९४० मध्ये ही आली. एर्मा, हेनेल आणि श्टायर या तीन कंपन्यांत मिळून सुमारे दहा लाख बनल्या. लोक तिला सर्रास 'श्मायसर' म्हणतात, पण बंदुका घडवणाऱ्या ह्यूगो श्मायसरने ती घडवली नाही. मॅगझीनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीच्या, पेटंटवर त्याचं नाव होतं, तेवढंच चिकटलं. इटलीत १९४४ साली नाईक यशवंत घाडगे आणि त्यांचे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सोबती ज्या जर्मन फौजेशी लढले, तिच्या हातात ही बंदूक होती. आपला तिच्याशी संबंध आहे तो असा, नळीच्या समोरच्या बाजूने.

आज ती ऐंशी वर्षांची म्हातारी आहे. तिला काय झेपेल ते विचारायचं, आपल्याला काय मारावंसं वाटतं ते नाही. बाकीचा लेख याच्याच तपशिलाचा.

१. आधी कागद, मग काडतूस

भारतातल्या वाचकांसाठी विषय इथेच संपतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात स्वयंचलित हत्यार सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. तुम्ही हे माहितीसाठी वाचा.

अमेरिकेत मात्र १९ मे १९८६ पूर्वी सरकारदरबारी नोंदलेली मशीनगन खासगी माणसाला विकत घेता येते, राज्याचा कायदा आड येत नसेल तर. टेक्सास, ॲरिझोना, पेन्सिल्व्हेनियात येते. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉयमध्ये विचार सोडून द्या. १९८६ नंतर नव्या नोंदी बंद झाल्यामुळे आहेत तेवढ्याच फिरतात, आणि म्हणून किंमत नव्या मोटारीएवढी.

लागणारी कागदपत्रं:

- एटीएफचा, म्हणजे शस्त्रांचं काम बघणाऱ्या केंद्रीय खात्याचा, 'फॉर्म ४' (आता बहुतेक जण ऑनलाइनच भरतात)
- बोटांचे ठसे
- पासपोर्ट आकाराचा फोटो
- २०० डॉलर कर. २०२६ पासून सायलेन्सर वगैरेंचा कर शून्यावर आला, मशीनगनचा आला नाही
- स्थानिक पोलीसप्रमुखाला पाठवायची अर्जाची प्रत
- ट्रस्टच्या नावावर घेत असाल तर ट्रस्टचे कागद आणि प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा वेगळा फॉर्म

मंजुरी आल्यावर त्या कागदाची प्रत बंदुकीच्या पेटीतच ठेवा. दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर आधी ५३२०.२० क्रमांकाचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो.

इथे आपल्या लोकांसाठी तीन सापळे आहेत.

पहिला: तुम्ही एच-वन-बी किंवा एफ-वन व्हिसावर असाल, तर मोजके अपवाद सोडता तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याची बंदूक हातात घेणं हेही 'बाळगणं'च. मित्र म्हणेल "अरे, एकदा मारून बघ, कोण विचारतंय." नको म्हणा. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून ही हौस परवडत नाही.

दुसरा: बंदूक एकट्याच्या नावावर असेल, तर तिजोरीचा आकडा बायकोलाही सांगायचा नाही. तुम्ही घरी नसताना तिच्या हाती ती लागू शकते, एवढंही अडचणीचं ठरतं. आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला होता. शेवटी दागिन्यांची तिजोरी वेगळी घेतली.

तिसरा सगळ्यात वाईट: रेंजवर न्यायची बॅग आणि भारतात न्यायची बॅग एकच असणं. अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. "चुकून राहिलं" हे नंतर वकिलामार्फत सांगायचं. रेंजची बॅग वेगळी, तिचा रंगही वेगळा. माझी भडक नारिंगी आहे.

आणि हो, कापलेल्या सुट्या भागांचे संच स्वस्तात मिळतात, ते जोडून 'आपली' बनवावी असा विचार मनात आला तर तो तिथेच मारा. नव्याने मशीनगन बनवणं हा दहा वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

२. गोळी मारण्याआधी बंदूक जाणकाराला दाखवा

विकणारा म्हणेल "मस्त चालते." चालत असेलही. तरी जुन्या सबमशीन गनची माहिती असलेल्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे, न्या आणि त्याला एवढं बघायला सांगा: नळी आतून फुगलेली आहे का, मागच्या भागाला तडा आहे का, चाप सोडल्यावर बोल्टला (गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या लोखंडी ठोकळ्याला) अडवणारा दात झिजलाय का, बोल्टच्या तोंडाला खड्डे आहेत का, आणि स्प्रिंग.

एमपी-४० ची मुख्य स्प्रिंग दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांत बसते, आणि फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटून बार उडवणारी सुई, त्या नळ्यांच्या पुढच्या टोकाला असते. बंदुकांचा रचनाकार हाइनरिश फॉल्मर याचं हे डोकं. नळ्यांमुळे स्प्रिंग धुळीपासून जपली जाते, पण एखाद्या नळीला पोचा आला की सगळा संच अडखळतो. नळ्या बोटांनी सरकवून बघा: लोण्यासारख्या सरकल्या पाहिजेत, कुठेही खरखर नको. थकलेली स्प्रिंग ऐंशी वर्षांच्या धातूवर बोल्ट आपटू देते. नवी स्प्रिंग काही डॉलरची आहे, मागचा भाग तडकला तर बदलायला मिळणार नाही. मी बंदूक घरी आली त्याच आठवड्यात स्प्रिंग बदलली आणि जुनी डबीत नाव घालून ठेवली, कारण मूळ भाग फेकायचे नसतात. उद्या विकायची वेळ आली तर नंबर जुळणाऱ्या भागांनाच किंमत.

३. गोळी निवडणं

काडतूस ९ बाय १९, म्हणजे साधं नाइन एमएम, पॅराबेलम किंवा लुगर. दुकानात सगळ्यात जास्त मिळणारं हेच. गोंधळ होतो तो खोक्यावरच्या बाकीच्या अक्षरांनी.

*वजन.* गोळीचं वजन ग्रेनमध्ये लिहितात. ११५, १२४ आणि १४७ हे नेहमीचे आकडे. युद्धकाळातली साधी जर्मन गोळी ८ ग्रॅमची होती, म्हणजे १२४ ग्रेन. बंदूक त्याच वजनावर बेतलेली आहे. म्हणून १२४ घ्या. ११५ बहुतेक एमपी-४० मध्ये चालते, पण काही कंपन्यांची ११५ फार सौम्य असते, आणि उघड्या बोल्टच्या बंदुकीत सौम्य गोळी ही निव्वळ गैरसोय नसते. ते पुढे सांगतो. १४७ सायलेन्सरवाल्यांसाठी सोडा.

*आकार.* गोल नाकाची, पूर्ण तांब्याचं कवच असलेली. खोक्यावर 'एफएमजे' लिहिलेलं असतं. पोकळ टोकाच्या महागड्या गोळ्या या मॅगझीनच्या चिंचोळ्या तोंडातून चढताना अडतात. नुसत्या शिशाच्या गोळ्या नळीत शिसं सोडतात, मग घासत बसा.

*पुंगळी.* म्हणजे दारू भरलेलं काडतुसाचं नळकांडं. पितळेची. पोलादी पुंगळी स्वस्त असते, पण तिच्या गोळीचं कवचही बहुधा लोखंडमिश्रित असतं. नळीची झीज वाढते आणि पुंगळी ओढून काढणारा आकडा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, दुखावतो. ओळखायचं सोपं आहे: गोळीला चुंबक लावा. चिकटला तर परत ठेवा. बऱ्याच रेंजवरही दारात हीच तपासणी होते. मी आमच्या फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक बॅगेत ठेवलाय, दुकानदाराला त्याची सवय झाली आहे.

*दाब.* 'प्लस पी' लिहिलेलं खोकं उचलू नका. अमेरिकन मानकात साध्या नाइन एमएमचा कमाल दाब ३५,००० पीएसआय, प्लस पीचा ३८,५००. या बंदुकीत नळी कुलूपबंद करणारी यंत्रणाच नाही. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग यांवर सगळा भार. जादा दाब म्हणजे जादा वेगाने मागे येणारा बोल्ट.

*जुना लष्करी माल.* हा मोह सगळ्यांना होतो. "जर्मन बंदुकीला जर्मन गोळी" म्हणून १९४३ चं खोकं कुणीतरी बंदुकांच्या प्रदर्शनात दाखवतो. काळ्या रंगाची गोळी दिसली तर ती लोखंडी गाभ्याची, ६.४ ग्रॅमची युद्धकालीन गोळी असते. कपाटात शोभेला छान. मारायला नको: ऐंशी वर्षांची दारू आणि टोपी (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी) कशी वागेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि टोपीतले क्षार नळी एका रात्रीत गंजवू शकतात. काही देशांचा सबमशीन गनसाठी खास तेज भरलेला मालही बाजारात फिरतो. "सबमशीन गनसाठी" हे वाचून आपल्यासाठीच आहे असं वाटतं, तरीही नको.

*पुन्हा भरलेल्या गोळ्या.* म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत नव्याने भरलेल्या. इथे माझीच गोष्ट सांगतो. सुरुवातीला एका प्रदर्शनातून पारदर्शक पिशवीतल्या ५०० गोळ्या निम्म्या भावात आणल्या. दुसऱ्याच मॅगझीनला 'धाड' ऐवजी 'फुस्स' असा आवाज आला आणि बंदूक थांबली. माझा हात सवयीने बोल्ट ओढायला गेला. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने, ओळख ना पाळख, माझं मनगट घट्ट धरलं. मॅगझीन काढलं, बोल्ट मागे घेऊन पुंगळी काढली, नळीत पितळी कांडी घातली, ती अर्ध्यावर अडली. गोळी आतच होती. दारू न भरलेलं काडतूस, नुसत्या टोपीच्या जोरावर नळीत घुसलेलं. मी बोल्ट ओढून पुढची झाडली असती तर नळीचं वाटोळं झालं असतं, कदाचित माझंही. उरलेल्या गोळ्या रेंजच्या निकामी गोळ्यांच्या डब्यात गेल्या. तेव्हापासून आवाज वेगळा आला की थांबायचं, आणि कांडी कायम बॅगेत.

४. मॅगझीन: निम्मे आजार इथलेच

बंदूक अडते तेव्हा नवखा माणूस बंदुकीला शिव्या देतो. दोष बहुधा मॅगझीनचा असतो. आत गोळ्या दोन रांगांत, तोंडाशी मात्र एकच. तो अरुंद भाग घाणीला आणि वाकलेल्या ओठांना, म्हणजे तोंडाच्या कडांना, फार नाजूक आहे.

- मॅगझीन ३२ चं, भरा २८. पूर्ण ठासलं की पहिलीच गोळी कुरकुरते.
- अंगठ्याने भरत बसू नका, लोडर वापरा. चार मॅगझीननंतर नखाखाली रक्त साकळतं.
- वरचे ओठ उजेडात धरून बघा. तडा किंवा फाकलेपणा दिसला तर ते मॅगझीन शोकेसमध्ये.
- प्रत्येकाला चिकटपट्टीवर नंबर द्या. कोणतं कितव्या वेळी अडलं ते वहीत लिहा. माझ्याकडच्या सहापैकी तीन नंबरचंच सारखं अडायचं, नवी स्प्रिंग टाकली आणि सुधारलं.
- गोळीबार करताना मॅगझीनला मूठ समजून धरू नका. सिनेमात सगळे तसंच धरतात. त्याने मॅगझीन वाकडं बसतं आणि गोळी अडते. डावा हात मॅगझीनच्या घरट्याला किंवा त्याच्या मागच्या बेकेलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) भागाला. नळीला तर नाहीच. दोन मॅगझीननंतर तिच्यावर पापड भाजता येईल.

५. रेंजवरचा पहिला दिवस

आधी फोन करून विचारा की स्वयंचलित गोळीबार चालतो का. अनेक बंदिस्त रेंजवर चालत नाही. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. चष्मा. बंद गळ्याचा शर्ट, कारण तापलेल्या पुंगळ्या उडून कुठेही जातात.

आता या बंदुकीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साध्या पिस्तुलात बोल्ट पुढे गेला की गोळी नळीत बसते आणि चाप ओढेपर्यंत थांबते. एमपी-४० उघड्या बोल्टवर चालते: बोल्ट मागे ताणलेला असतो, चाप ओढला की पुढे धावतो, गोळी उचलतो, नळीत ढकलतो आणि तिथेच झाडतो. म्हणजे मॅगझीन आत असताना बोल्ट पुढे जाणं हाच बार. पिस्तुलाची सवय असलेला माणूस "सुरक्षित करू" म्हणून बोल्ट हलकेच पुढे सोडायला जातो, आणि बार होतो.

म्हणून रिकामी करायचा क्रम तोंडपाठ करा: आधी मॅगझीन बाहेर, मग बाकी सगळं. मग नळीचं घर, म्हणजे गोळी बसते तो भाग, डोळ्यांनी बघा आणि नळी समोर धरूनच बोल्ट पुढे सोडा.

ताणलेला बोल्ट अडवायला मागे 'एस' खुणेची एक खाच असते, तिच्यात हँडल वर अडकवतात. जर्मन 'सिशर', म्हणजे सुरक्षित. ती खाच झिजलेली असू शकते. तिच्यावर विसंबून मॅगझीनसकट इकडेतिकडे फिरू नका. बोल्ट पुढे असतानाही भरलेलं मॅगझीन आत ठेवू नका. सुरुवातीच्या बंदुकांत पुढे गेलेल्या बोल्टला अडवणारं काही नव्हतं. बंदूक दस्त्यावर आपटली की बोल्ट झटक्याने मागे जाऊन गोळी उचलायचा. पुढे हँडल दोन भागांचं केलं, ते आत दाबून बोल्ट पुढे अडकवता येतो. तुमचं कुठलं आहे ते आधी बघून घ्या.

पहिल्यांदा मॅगझीनमध्ये तीनच गोळ्या भरा. चाप टोचून सोडा. एकच सुटली आणि बोल्ट मागे अडकला, तर ठीक. मग पाच, मग दहा. हे एवढ्यासाठी की सौम्य गोळीने बोल्ट अर्धवट मागे येतो: नवी गोळी उचलण्यापुरता येतो, दातात अडकण्यापुरता येत नाही. मग तुम्ही चाप सोडला तरी बंदूक थांबत नाही. असं झालंच तर घाबरून वळू नका, मॅगझीन ओढायला जाऊ नका. नळी लक्ष्यावर दाबून धरा आणि संपू द्या. वेग मिनिटाला पाचशेच्या आसपास, भरलेलं मॅगझीनही चार सेकंदांत रिकामं होतं. तीन गोळ्या असतील तर 'अरे' म्हणेपर्यंत संपतात. त्या दिवसापुरती ती गोळी बंद, बंदूक गनस्मिथकडे.

एमपी-४० ला एकेक गोळीचा वेगळा खटका नाही. पण वेग इतका संथ आहे की बोटाला वळण लागलं की एकेक मारता येते. तेच शिका. आख्खं मॅगझीन एका दमात रिकामं करण्यात पहिल्या वेळी मजा येते, तिसऱ्या वेळी फक्त बिल येतं.

६. साफसफाई

साहित्य: ९ मिलिमीटरचा पितळी ब्रश, लेप दिलेली किंवा पितळी कांडी, सुती चिंध्या, सौम्य सॉल्व्हंट, पातळ तेल, जुना टूथब्रश, रबरी हातमोजे.

मॅगझीन काढा, नळी पुन्हा बघा, बोल्ट पुढे. खालचा खटका ओढून फिरवला की अडकतो. मग चाप दाबून धरत मागचा भाग साधारण पाव फेरा फिरवला की मूठ, स्प्रिंगचा संच आणि बोल्ट मागून बाहेर येतात. पहिल्यांदा जड जाईल. हातोडी घेऊ नका. अडलंय म्हणजे बहुधा चाप पुरता दाबलेला नाही.

नळी मागच्या बाजूने साफ करा म्हणजे पुढचं तोंड घासलं जात नाही. सॉल्व्हंटची ओली चिंधी, दहा मिनिटं थांबा, ब्रश, कोरड्या चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत, शेवटी तेलाचा हात. बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरखालची खाच टूथब्रशने. तिथे काजळीची वडी बसते आणि मग पुंगळ्या निघेनाशा होतात. दुर्बिणीच्या नळ्यांना तेलाचा एक थेंब, पुसून टाकलेला. टेक्सासच्या धुळीत जास्त तेल म्हणजे कणीक मळल्यासारखं होतं.

चुकून क्षारवाल्या टोपीची गोळी मारली गेलीच, तर सॉल्व्हंटआधी गरम पाणी. ते क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. मग लगेच पूर्ण कोरडी करून तेल.

बेकेलाइटवर कडक सॉल्व्हंट किंवा ब्रेक क्लीनर पडू देऊ नका, चकाकी जाते. जुनं बेकेलाइट ठिसूळही असतं. मूळ निळा मुलामा झिजला असेल तर झिजू द्या, नवा चढवलात तर किंमत उतरते. काम झालं की हात थंड पाण्याने साबण लावून धुवा, मगच चहा. बोटांवर शिसं असतं. साफसफाई स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका, हे खरं तर सांगावं लागू नये.

७. ठेवणं

तिजोरीत ओलावा शोषणारी पुडी, स्प्रिंग सैल म्हणजे बोल्ट पुढे, मॅगझीन रिकामी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. फोमच्या पेटीत महिनोन्‌महिने ठेवू नका, फोम ओल धरतो. दोन महिन्यांतून एकदा तेलाचं फडकं फिरवा. घामट बोटांचे ठसे मुलाम्यावर आठवड्यात तांबूस उमटतात.

खंडेनवमीला पूजा करायची असेल तर जरूर करा, पण ओलं हळदकुंकू थेट लोखंडावर नको. पहिल्या वर्षी आईने व्हिडिओ कॉलवरून सांगितलं तसं मी बोल्टच्या हँडलखाली बोट टेकवलं. तिथे आजही मुगाएवढा डाग आहे. आता फुलं आणि अक्षता पेटीच्या झाकणावर वाहतो.